बुबीकोप्फच्या अंगावरचा मळ

नोकरीसाठी न्यूर्नबर्गला आले, त्यानंतरच्या पहिल्या एप्रिलमधली गोष्ट. एका रविवारी नॉयनमार्क्ट-वीर्सबर्गच्या वाफेच्या इंजिनांच्या संग्रहालयात गेले होते. हे गाव ‘शीफं एबनं’ नावाच्या चढाच्या पायथ्याशी आहे. १८४८ साली सुरू झालेला हा चढ चाळीस मीटरला एक मीटर इतका तीव्र. वर मार्क्टशोरगास्टपर्यंत गाड्या चढवायला मागून ढकलणारी जादा इंजिनं लागायची. त्यांच्या जुन्या गोल शेडमध्येच आता संग्रहालय आहे. लोकांची गर्दी होती ती मोठमोठ्या एक्स्प्रेस इंजिनांभोवती. मी मात्र ६४ २९५ या नंबराच्या इंजिनापाशी थांबले आणि शेड बंद व्हायची वेळ होईपर्यंत तिथेच होते. टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा मागचा डबा, नसलेलं, पाणी बॉयलरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांत आणि कोळसा पाठीवरच्या पेटीत घेऊन हिंडणारं, आटोपशीर बांध्याचं इंजिन.

माझे वडील, म्हणजे आण्णा, कुर्डुवाडीच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि तिथेच बॉयलर फिटर झाले. मला आठवतात ती डिझेलची इंजिनं. बार्शी लाईटच्या अडीच फुटी रुळांवरची वाफेची इंजिनं मी फक्त त्यांच्या बोलण्यातून ओळखते. त्या रविवारी मी त्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “छान हाय. पर लई स्वच्छ हाय.”

त्या उत्तरापासूनच माझ्या कामाला सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही. ट्रेन सिम्युलेटर मी कॉलेजपासून चालवते, आणि मशीनच्या भागांची त्रिमितीय चित्रं काढणं हा माझा पोटाचा धंदा आहे. तेव्हा ठरवलं, हे इंजिन ओपन रेल्स या फुकट मिळणाऱ्या सिम्युलेटरसाठी बनवायचं, आणि ते संग्रहालयातल्यासारखं पुसलेलं नको. १९७० च्या सुमाराला, शेवटच्या काही वर्षांत, बव्हेरियातल्या वाइडेनच्या शेडमधून कामावर निघताना दिसलं असेल तसं हवं.

या इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मॉडेल करताना यातला प्रत्येक आकडा मला कुठे ना कुठे वापरावा लागला. १९२० च्या दशकात जर्मनीच्या राइशबान या सरकारी रेल्वेने रिशार्ड पाउल वाग्नर यांच्या देखरेखीखाली ठरावीक साच्याची इंजिनं आखली. हेतू असा, की सुटे भाग एकमेकांना लागावेत. ६४ हे त्यातलंच. २४ क्रमांकाच्या टेंडरवाल्या इंजिनाचा आणि याचा बॉयलर एकच. १९२८ ते १९४० या काळात अशी ५२० इंजिनं झाली. लांबी १२.४ मीटर, वजन ७५ टनांच्या आसपास, पुढे-मागे एकेक लहान ॲक्सल आणि मध्ये दीड मीटर व्यासाच्या चाकांचे तीन जोडलेले ॲक्सल. अंगावर ‘पीटी ३५.१५’ असं लिहिलेलं असतं. पी म्हणजे पॅसेंजर, टी म्हणजे टाकीवालं, पाचांपैकी तीन ॲक्सल जोडलेले, आणि ॲक्सलमागे भार १५ टन. शाखामार्गांचे हलके रूळ याहून जास्त भार सोसत नसत. इतक्या थोड्या अक्षरांत इंजिनाची अख्खी कुंडली मांडायची ही पद्धत मला फार आवडते.

लोकांनी त्याला नाव दिलं बुबीकोप्फ, म्हणजे आपला बॉबकट. त्या दशकात युरोपातल्या बायकांनी केस आखूड कापायला सुरुवात केली होती, आणि टेंडरचा लांब शेपटा नसलेल्या या इंजिनाला ते नाव शोभतंही. (टाकीवालं जर्मन इंजिन आपल्याला अगदी परकं नाही. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली ती ओरेनश्टाइन उंड कोप्पेल कारखान्याच्या टाकीवाल्या इंजिनांवरच.)

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ढाचा उभा करायला दोन महिने लागले. बॉयलर, टाक्या, केबिन हे सोपं. खरा वेळ खाल्ला चाकांनी आणि दांड्यांनी. आम्ही ड्रॉइंगवाले एक सवय लावून घेतो, ती म्हणजे अर्धा भाग काढायचा आणि दुसरा आरशात उलटवून घ्यायचा. मी तेच केलं. ब्लेंडरमध्येच चाकं फिरवून पाहिली तर चालताना इंजिन विचित्र दिसत होतं, बेडकासारखं. कारण शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली. आरशामुळे दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे जात होते. खऱ्या इंजिनात एका बाजूची क्रँक दुसऱ्या बाजूपेक्षा ९० अंश पुढे असते. एका बाजूचा पिस्टन टोकाला पोचून ढकलायला असमर्थ झाला, की दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो आणि पूर्ण जोर लावतो. दोन्ही एकत्र टोकाला गेले तर इंजिन जागचं हलणारच नाही. आरसा काढून टाकला आणि दुसरी बाजू हातानं फिरवून बसवली. मग लक्षात आलं की आरशानं आणखीही खोटेपणा केला होता. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन वेगळे पंप असतात, एक ब्रेकसाठी हवेचा आणि एक बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा. नळ्याही वेगळ्या वाटांनी जातात. डावी बाजू जवळजवळ नव्यानं करावी लागली.

रिव्हेटांनीही असंच फसवलं. एका फोटोत टाकीवर रिव्हेटांच्या रांगा, दुसऱ्यात गुळगुळीत पत्रा. सुरुवातीच्या इंजिनांच्या टाक्या रिव्हेट मारून जोडलेल्या होत्या आणि नंतरच्या वेल्डिंगनं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत कारखान्यांची पद्धत बदलली होती आणि मी ती सगळी वर्षं एकाच इंजिनावर चिकटवत होते. तिथून पुढे नियम केला, एकाच नंबराच्या इंजिनाचे फोटो धरायचे, बाकीचे फक्त समजून घेण्यापुरते. समोरचा तिसरा दिवाही असाच जपून लावला. युद्धाआधीच्या फोटोत दोनच दिवे असतात, चिमणीपुढचा वरचा दिवा नंतर आला.

नंबरपाटीची गंमत सांगते. १ जानेवारी १९६८ पासून पश्चिम जर्मनीच्या बुंडेसबान या रेल्वेने सगळ्या इंजिनांना संगणकाला समजतील असे नंबर दिले. मी धरलेलं ६४ ४१९ झालं ०६४ ४१९-५. शेवटचा ५ हा तपासणीचा आकडा. पहिल्या सहा आकड्यांना ओळीनं १, २, १, २, १, २ नं गुणायचं, गुणाकार दोन अंकी आला तर त्यातले अंक मिळवायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते लिहायचं. इथे बेरीज येते २५, तिसाला ५ कमी. वाफेच्या काळातल्या इंजिनाच्या अंगावर संगणकाचा आकडा रंगवलेला असायचा. त्या पाटीला मी पांढऱ्या रंगाची झाक कमी दिली, बाकी काही केलं नाही.

मग रंगकाम. इथे मी खूप चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या प्रयत्नात मी सगळ्यांसारखंच केलं. काळा रंग दिला, चाकांना आणि चौकटीला लाल दिला, त्यावर धुळीचा, गंजाचा, ओरखड्यांचा तयार थर पसरला. स्क्रीनवर ते मला झकास वाटलं. आण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, माझ्या भाच्याला मोबाईल नीट धरायला सांगितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हे मळलेलं नाय गं. कुणीतरी मळवलंय.”

मी विचारलं, फरक काय?

“मळ कुठनं तरी येतो आन् कुठं तरी जातो. तुझा मळ नुसता बसलाय. हा पांढरा डाग बघ, टाकीच्या मधोमध. हितं कुठला व्हॉल्व्ह हाय?”

तिथे कुठलाच व्हॉल्व्ह नव्हता.

पुढचे पाच रविवार आम्ही दोघांनी बॉयलरपासून बफरपर्यंत इंजिन फिरून पाहिलं. ते कुर्डुवाडीत, मी न्यूर्नबर्गमध्ये. ते सांगायचे आणि मी टिपत जायचे. बॉयलरचं पाणी उकळून उकळून त्यातले क्षार दाट होतात. ते पाणी जिथे झिरपतं तिथे गरम पत्र्यावर लगेच सुकतं आणि मागे चुना राहतो. त्यामुळे पांढरा ओघळ हवा तो वॉशआउटच्या, म्हणजे बॉयलर आतून धुवायच्या भोकांच्या, प्लगांखाली, पाणी आत जातं त्या व्हॉल्व्हखाली, आणि वाफेच्या जोरानं पाणी आत ढकलणाऱ्या इंजेक्टरच्या सांडव्यापाशी. ओघळ सुरुवातीला अरुंद आणि दाट, खाली रुंद आणि फिका. टाकीत पाणी भरताना जे सांडतं त्याची गत निराळी. ते थंड आणि साधं पाणी असतं, ते पांढरा डाग सोडत नाही, उलट धूळ धुऊन नेतं. म्हणून टाकीच्या तोंडाखालचे ओघळ आजूबाजूच्या पत्र्याहून काळे आणि चकचकीत दिसतात. हे ऐकून मी माझ्याकडचे फोटो परत काढून पाहिले. खरंच तसं होतं. मी ते फोटो शंभरदा पाहिले असतील, पण मला दोन्ही ओघळ एकच वाटत होते.

“तिथलं पाणी कसं हाय, जड का हलकं?” त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, वाइडेनच्या पूर्वेला डोंगर ग्रॅनाइटचे, पण पश्चिमेला फ्रँकिश जुरा, तो चुनखडीचा मुलूख. “मग चुनखडीकडचं पाणी प्यालेलं इंजिन पांढरं दिसणारच,” ते म्हणाले, आणि मला एका फोटोतल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांची भीती वाटायची थांबली. तोवर मी ते अतिशयोक्त दिसेल म्हणून टाळत होते.

स्मोकबॉक्सला, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाला धूर जमतो त्या भागाला, पाण्याचं कवच नसतं. आतली उष्णता थेट पत्र्याला लागते, रंग भाजतो आणि राखाडी, भुरकट होतो. बॉयलरच्या काळ्यापुढे तो भाग नेहमी वेगळा उठून दिसतो. दाराच्या खालच्या कडेला राख काढताना सांडते, ओली झाली की पत्रा खाते, म्हणून गंज तिथे. ब्रेकच्या ठोकळ्यांची लोखंडी भुकटी चाकांवर आणि चौकटीवर बसते, त्यामुळे कागदावर लाल असलेली चौकट प्रत्यक्षात विटकरी-तपकिरी असते. दांड्यांवर मात्र गंज नाही. तिथे तेल असतं, आणि तेलावर धूळ बसून काळा चिकटा होतो, तोही सांध्यांपाशी जास्त. दांड्याचा मधला भाग फिटरनं कॉटन वेस्टनं पुसलेला असतो.

एक गोष्ट मात्र आम्हां दोघांना मिळून सापडली. टेंडरच्या इंजिनावर धूळ आणि ओघळ मागच्या बाजूला झुकलेले असतात, कारण ते बहुतेक वेळ एकाच दिशेनं धावतं. मीही माझे ओघळ मागे झुकवले होते. पण ६४ ला पुढे आणि मागे दोन्हीकडे ताशी ९० किलोमीटर धावायची परवानगी होती. शेवटच्या स्टेशनावर इंजिनाचं तोंड फिरवायचं टर्नटेबल नसलं तरी चालायचं, इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावलं की तसंच परत. अर्धं आयुष्य उलटं धावलेल्या इंजिनाचे ओघळ मागे का झुकतील? सगळे सरळ केले. त्या रात्री मॉडेल पहिल्यांदा मला टाकीवालं इंजिन वाटलं.

टाकीच्या पत्र्यावर आडवी पुसट रेघ आहे, तिच्याबद्दल मला नंतर लोकांनी विचारलं, म्हणून लिहिते. थंड पाण्यानं भरलेल्या टाकीला दमट सकाळी घाम येतो. जेवढी पाण्याची पातळी, तेवढ्याच उंचीपर्यंत. त्या ओलीवर धूळ चिकटते. आण्णांनी टेंडरच्या टाक्यांवर हे रोज पाहिलेलं. खलाशी लोक हातोडी न वाजवता त्या घामावरूनच पाणी किती आहे ते ओळखायचे.

काळ्या रंगाबद्दल एवढंच, की काळा रंग काळा देऊ नये. मी सुरुवातीला शुद्ध काळा दिला आणि त्यात ना गोलाई दिसली ना सावली. शेवटी ० ते २५५ च्या पट्टीवर चाळिशीच्या आसपास आणला, टाकीवर किंचित निळसर, स्मोकबॉक्सवर किंचित तपकिरी. सिम्युलेटरमध्ये चकाकीचे पर्याय थोडे, नाही, कमी किंवा जास्त. ओला, तेलकट, भाजलेला असा फरक तो स्वतः करत नाही. ते सगळं चित्रातच रंगवावं लागलं.

इंजिन चालायला लागलं ते त्यानंतर, आणि आधी चाललंच नाही. सिम्युलेटरच्या दृष्टीनं वाफेच्या इंजिनामागे टेंडर असतंच. टाकीवाल्या इंजिनाच्या फाइलमध्ये ‘टेंडर लागत नाही’ ही ओळ स्वतः लिहावी लागते. मी ती विसरले, आणि ९ घनमीटर पाणी, ३ टन कोळसा अंगावर असूनही माझं इंजिन न दिसणाऱ्या टेंडरची वाट बघत उभं राहिलं. ते सुटल्यावर मी त्याला शीफं एबनंवर तीन डबे देऊन सोडलं. आधी कागदावर हिशेब केला होता. इंजिन आणि डबे मिळून १६५ टन, चढ हजाराला २५, म्हणजे चढासाठीच चार टनांच्या वर ओढ, शिवाय चाकांचा विरोध. साडेनऊशे अश्वशक्तीच्या इंजिनानं ताशी चाळीस-पंचेचाळीसनं चढावं. माझं सत्तरनं चढलं आणि वाफ कमी झाली नाही. तीन दिवसांनी चूक सापडली. शेगडीच्या जाळीचं क्षेत्रफळ २.०४ चौरस मीटर, मी टिंब एक घर पुढे सरकवून २०.४ लिहिलं होतं. टिंब जागेवर आणल्यावर इंजिन त्रेचाळीसनं चढलं आणि वर पोचेपर्यंत दाब १४ बारवरून खाली घसरला. मी खुर्चीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

आवाजासाठी एबरमानश्टाट ते बेरिंगर्सम्यूले या सोळा किलोमीटरच्या वारसा मार्गावर दोन रविवार गेले. चाकाच्या एका फेरीत चार फुत्कार, फेरीत ४.७१ मीटर अंतर. चाळीसच्या वेगाला सेकंदाला नऊच्या वर. त्याहून वेगात ते मोजता येत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते.

सगळं जुळलं तेव्हा दिवाळी आली होती. मी कुर्डुवाडीला गेले, भाच्याच्या संगणकावर ओपन रेल्स बसवलं आणि आण्णांसमोर इंजिन उभं केलं. त्यांनी आधी बाहेरून बघितलं. मला वॉशआउटच्या प्लगांबद्दल कौतुक ऐकायचं होतं. त्यांनी माउस धरलेला भाच्याचा हात केबिनच्या पायऱ्यांकडे वळवला.

“ड्रायव्हर वर कुठनं चढतो?”

“इथूनच.”

“मग ही पायरी का मळलीय? रोज बुटानं घासती ती. अन् हा दांडा, हात लावत्यात त्याला.”

त्याच रात्री पायऱ्यांच्या मधल्या भागाचा मळ पुसला, कडा तशाच ठेवल्या. उभ्या दांड्याला छातीच्या उंचीवर लोखंडाची चमक दिली, वर-खाली काळा राहू दिला. सकाळी चहाच्या वेळी पुन्हा दाखवलं. आण्णांनी मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली. भाचा म्हणाला, आजोबा, हा बाण दाबला की रेग्युलेटर उघडतो, गाडी सुटते.

आण्णांनी बाण दाबला नाही. त्यांनी डोळे बारीक करून केबिनच्या आत पाहिलं.

“थांब रे,” ते म्हणाले. “आधी गेजग्लास दाखव. पाणी किती हाय ते बघू दे.”